‘पास’ म्हणायचं नाही!

मित्रांनो, अगदी खरं सांगा हं. मेंढीकोट खेळताना भिडूच्या पायाला हळूच पाय लावून कधी खूण केली आहे? ‘दश्शी माझ्याकडे आहे’ हे कळवण्यासाठी उगीचच कान खाजवला आहे? मी केलं आहे. मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या घरातले निम्मे डाव याच भांडणात मोडायचे.

पण पत्त्यांचा एक खेळ असा आहे, की त्यात आपल्याकडे काय आहे हे भिडूला सांगायचंच असतं. उघडपणे, सगळ्यांच्या देखत. फक्त सांगायला शब्द मिळतात ते अगदी मोजके. या खेळाचं नाव ब्रिज. त्यात कधी कधी अशी वेळ येते, की तुमच्याकडे फुटकी कवडीही नसते, तोंड उघडायची मुळीच इच्छा नसते, आणि नेमकी तेव्हाच गप्प बसायला सक्त मनाई असते! हे मी पुस्तकात वाचून शिकले नाही. आठवीत असताना आजोबांचा एक सोन्यासारखा डाव मी मातीत घातला, तेव्हा शिकले.

त्याचं असं झालं. आजोबांचा ब्रिजचा अड्डा रोज संध्याकाळी पाचला आमच्या ओसरीवर भरायचा. आजोबा, शेजारचे वकीलकाका, एक निवृत्त पोस्टमास्तर आणि एक डॉक्टर. जुलैचे दिवस होते. त्या दिवशी पाऊस असा काही कोसळत होता की डॉक्टर आलेच नाहीत. तिघांत ब्रिज होत नाही. मी दारात घुटमळत होतेच. महिनाभर मागे बसून डाव पाहिले होते, त्यामुळे आपल्याला सगळं येतं अशी माझी ठाम समजूत होती.

“आजोबा, मी बसू?”

आजोबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “बस. माझ्या समोर बस. आज तू माझी भिडू.”

पुढे काय झालं ते सांगते. पण ज्यांना ब्रिज अजिबात ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख करून देते. ज्यांना येतो त्यांनी एवढा भाग खुशाल सोडून द्यावा.

मेंढीकोटासारखेच चार जण, समोरासमोरचे दोघे भिडू. प्रत्येकाला १३ पानं. ज्या रंगाची उतारी त्याच रंगाचं पान टाकायचं, नसेल तर हुकमाने मारायचं, वाटल्यास दुसरं काहीही टाकायचं. चार पानांचा एक हात, असे एकूण १३ हात. इथपर्यंत सगळं ओळखीचं आहे ना? फरक एवढाच, की हुकूम कुठला आणि किती हात करायचे हे बोली लावून ठरतं. ‘एक बदाम’ म्हणजे ‘बदाम हुकूम असेल तर आम्ही दोघं मिळून सहा आणि एक, म्हणजे सात हात करू.’ ‘चार इस्पिक’ म्हणजे इस्पिक हुकूम आणि दहा हात. पहिले सहा धरलेलेच असतात, बोलायचे ते त्यावरचे. रंगांनाही चढती भाजणी आहे. सर्वांत खाली किलवर, मग चौकट, बदाम, इस्पिक आणि सर्वांत वर ‘नो ट्रम्प’, म्हणजे बिनहुकमी. नंतरची बोली आधीच्या बोलीपेक्षा वरचीच हवी. सात पायऱ्या आणि पाच प्रकार, म्हणजे ३५ बोल्या. त्याखेरीज पास, डबल आणि रीडबल हे तीन शब्द. एखाद्या बोलीनंतर ओळीने तीन जण ‘पास’ म्हणाले की बोली संपली, खेळ सुरू.

बघा बरं, तेरा पानं वेगवेगळ्या प्रकारे किती तऱ्हांनी येऊ शकतात? ६,३५,०१,३५,५९,६०० इतक्या! आणि ती भिडूला सांगायची ३८ शब्दांत.

पानं किती चांगली हे मोजायची सोपी रीत आहे. एक्क्याचे ४ गुण, राजाचे ३, राणीचे २, गुलामाचा १. गड्डीत एकूण ४० गुण, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी १०. ही मोजणी अमेरिकेतल्या चार्ल्स गोरेन यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस घराघरात पोचवली. दोघा भिडूंचे मिळून २५-२६ गुण असले की ‘गेम’ होण्याचा चांगला संभव असतो. बदाम-इस्पिकात दहा हात, किलवर-चौकटीत अकरा, बिनहुकमीत नऊ, एवढ्याची बोली लावून ती पुरी केली की गेम, आणि त्याबद्दल ३०० किंवा ५०० गुणांचं घसघशीत बक्षीस. बारा किंवा तेरा हात बोलून केले तर ‘स्लॅम’, त्याचं बक्षीस आणखी मोठं. मात्र इथे एक गोम आहे. बक्षीस मिळतं ते बोललात तरच! दोन बोलून दहा हात केलेत तर बक्षीस नाही. वर्गात उत्तर येत असून हात वर केला नाही, तसंच ते.

हं, आता ओसरीवर परत येऊ.

पत्ते वाटले गेले. मी माझी पानं लावली आणि माझा चेहरा पडला. एक्का नाही, राजा नाही, राणी नाही, साधा गुलामसुद्धा नाही. एकही चित्र नाही!

इस्पिक – नव्वी, छक्की, तिर्री
बदाम – अठ्ठी, पंजी, दुर्री
चौकट – नव्वी, सत्ती, चव्वी
किलवर – दश्शी, छक्की, चव्वी, दुर्री

गुण शून्य. आजोबांनी पिसली होती म्हणून मी त्यांच्याकडेच रागाने पाहिलं. ते मात्र आपली पानं पुन्हा पुन्हा मोजत होते. मग खाकरून म्हणाले, “दोन किलवर.”

पोस्टमास्तर म्हणाले, “पास.”

माझी पाळी. मी विचार केला, आजोबांना किलवरची चांगली पानं आलेली दिसतात. माझ्याकडेही चार किलवर आहेत, तेव्हा ठीकच चाललंय. त्याहून जास्त काही बोलावं असं माझ्याकडे आहेच काय? उगीच बोली वाढवून आजोबांना खड्ड्यात घालायचं कशाला? मी शहाण्यासारखी म्हणाले, “पास.”

ओसरीवर फक्त पावसाचा आवाज. वकीलकाकांनी माझ्याकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं, आणि अत्यंत गोड आवाजात म्हणाले, “पास!”

झालं. दोन किलवर हा हुकूम ठरला. खेळणार आजोबा, मी ‘डमी’. म्हणजे माझी पानं जमिनीवर उघडी मांडायची आणि गप्प बसायचं. मी मांडली. आजोबांनी त्या चार किलवरांकडे पाहिलं, मग आपल्या पानांकडे पाहिलं. त्यांच्याकडे किलवर होतं एकच. पंजी!

त्यांची पानं अशी होती:

इस्पिक – एक्का, राजा, राणी, गुलाम, सत्ती
बदाम – एक्का, राजा, राणी, चव्वी
चौकट – एक्का, राजा, छक्की
किलवर – पंजी

मोजा गुण. दहा, नऊ आणि सात. सव्वीस! असली पानं घेऊन ज्या रंगाचं एकच पान आहे तोच रंग हुकूम म्हणून खेळायची वेळ त्यांच्यावर आणली होती कोणी? अस्मादिकांनी.

पोस्टमास्तरांनी किलवरचा एक्का उतरला, मग राजा, मग तिर्री. पुढचे हुकूम वकीलकाकांनी ओढले. पाच हात त्यांनी केले आणि हुकूम संपले. मग आजोबांनी उरलेली आठ पानं एकामागोमाग एक वाजवली, सगळे हात त्यांचेच. आठ हात, म्हणजे दोन किलवर पुरे! मला तर उड्या माराव्याशा वाटल्या. “झाले की आजोबा! बरोब्बर आठ!”

आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी पानं पुन्हा लावून माझ्यासमोर ठेवली. “इस्पिक हुकूम धर,” ते म्हणाले. “मोज. इस्पिकाचे पाच, बदामाचे तीन, चौकटीचे दोन. किती झाले?”

“दहा.”

“दहा म्हणजे चार इस्पिक. दहा हातांचे १२० आणि गेमचे ३००. किती?”

“चारशे वीस.”

“आणि आपले झाले नव्वद.”

वहीत ९० लिहिताना त्यांची पेन्सिल जरा जोरात टेकली. मी रडवेली झाले. “पण आजोबा, माझ्याकडे काहीच नव्हतं! शून्य! मी काय बोलणार होते?”

“हेच. ‘काही नाही’ एवढंच बोलायचं होतं. पण बोलायला हवं होतं.”

आता तुम्ही विचाराल, आजोबांनी सरळ ‘चार इस्पिक’ म्हणून का नाही टाकलं? मीही तेच विचारलं. त्याचं उत्तर मोठं मजेदार आहे.

बोली म्हणजे ३५ पायऱ्यांचा जिना समजा. एकदा वर चढलात की खाली येता येत नाही. ज्याची पानं जबरदस्त असतात त्याला भिडूशी जास्त बोलायचं असतं. समजा, माझ्याकडे किलवरचा एक्का आणि बदामाचा गुलाम असता, तर आजोबांना बारा हात दिसले असते, म्हणजे स्लॅम. इस्पिकापेक्षा माझे बदाम लांब असते तर हुकूम बदलावासा वाटला असता. हे सगळं विचारायला पायऱ्या शिल्लक हव्यात. म्हणून ब्रिजमध्ये भारी पानांवाला खालच्या पायरीवरून हळूच बोलतो. एकदम चारवर उडी मारतो तो बहुतेक वेळा दुबळाच असतो! एका रंगाची सात-आठ पानं आणि बाकी ठणठणाट, असं असलं की तो मुद्दाम मोठ्याने बोलून समोरच्यांच्या पायऱ्या खाऊन टाकतो.

बरं, मग ‘एक इस्पिक’ म्हणावं? तेही धोक्याचं. एकची बोली साधारण बारा गुणांपासून लावतात. भिडूकडे सहाएक गुण नसले तर तो निमूटपणे ‘पास’ म्हणतो, आणि त्याचं चुकतही नाही. म्हणजे पुन्हा गेम हुकला.

तेव्हा अशी एक बोली हवी की जी खालच्या पायरीवर असेल, पण भिडूला ‘पास’ म्हणता येणार नाही. याच बोलीला खेळाडू ‘फोर्सिंग’ म्हणतात. आपण सक्तीची बोली म्हणू. ‘दोन किलवर’ ही त्यातली सर्वांत प्रसिद्ध. तिचा किलवरशी काहीएक संबंध नसतो! तिचा अर्थ एवढाच: “माझ्याकडे जवळजवळ एकट्याच्या बळावर गेम होईल इतकी पानं आहेत. तू काहीही कर, पण मला मध्येच सोडू नकोस.”

यावर भिडूकडे काही नसेल तर त्याने ‘दोन चौकट’ म्हणायचं. त्याचाही चौकटशी संबंध नाही. त्याचा अर्थ, “ऐकलं. माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. तुम्ही पुढे बोला.” मग आजोबा म्हणाले असते ‘दोन इस्पिक’. आता हा मात्र खराखुरा रंग. आणि गेम होईपर्यंत इथेही पास नाहीच.

पुढची गंमत नीट ऐका, कारण इथे भलेभले चुकतात. माझ्याकडे इस्पिकाची तीन पानं होती, म्हणजे आजोबांच्या रंगाला आधार होता. मग मी ‘तीन इस्पिक’ म्हणायचं की एकदम ‘चार इस्पिक’? चार. कारण चारवर मारलेल्या उडीचा अर्थ, “तुमचा रंग मला चालतो, पण त्यापलीकडे माझ्याकडे खरोखर काही नाही, इथेच थांबा.” आणि ‘तीन इस्पिक’ म्हणजे, “रंगही चालतो आणि थोडा ऐवजही आहे, सावकाश बोलू, स्लॅम जमतोय का पाहू.” गेमपर्यंत दोघंही बांधलेले असतात, मध्येच बोली तुटायची भीती नसते, म्हणून ज्याच्याकडे जास्त त्याने सावकाश जायचं.

अशा सक्तीची गरज पडली तीही एका विशेष कारणाने. पूर्वीच्या ‘ऑक्शन ब्रिज’मध्ये न बोलता हात झाले तरी त्यांचे गुण गेममध्ये धरत. मग जास्त बोलण्याची यातायात कोण करणार? १९२५ साली हॅरॉल्ड व्हॅन्डरबिल्ट नावाचे धनाढ्य अमेरिकन गृहस्थ ‘फिनलंड’ नावाच्या बोटीने लॉस एंजेलिसहून पनामा कालव्यातून हवानाकडे चालले होते. बोटीवर वेळ भरपूर, भिडू तिघे तयार. तिथे त्यांनी नवीन गुणपद्धत आखून पाहिली: जेवढं बोलाल तेवढंच गेमसाठी धरलं जाईल. हाच आजचा ‘काँट्रॅक्ट ब्रिज’. बोटीवरच्या एका तरुणीने त्यांना या खेळातला एक महत्त्वाचा शब्दही सुचवला, आणि पुढे तिचं नावच कुणाला आठवेना! असो. नवे नियम आले आणि भारी पानांवाल्यांची पंचाईत झाली. गेम बोलायलाच हवा, आणि भिडू मध्येच गप्प बसला तर सगळं मुसळ केरात.

तोड काढली ईली कल्बर्टसन यांनी. १९३०च्या त्यांच्या ‘ब्लू बुक’मध्ये दोनची कुठलीही पहिली बोली म्हणजे सक्तीची: दोन इस्पिक, दोन बदाम, काहीही. भिडूने गेमपर्यंत बोलत राहायचं. हे कल्बर्टसन म्हणजे एक वल्ली होते. आपली बोलीपद्धत श्रेष्ठ हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी १९३१-३२ मध्ये सिडनी लेन्झ यांच्याशी तब्बल १५० रबरांचा सामना लावला आणि जिंकला. त्यांच्या बाजूने बरेच डाव खेळल्या त्यांच्या पत्नी जोसेफीन. वर्तमानपत्रांतून त्याच्या बातम्या रोज झळकत होत्या.

पण त्यांच्या पद्धतीत एक उधळपट्टी होती. २२ किंवा जास्त गुण येतात किती वेळा? साधारण २३५ डावांत एकदा! तेवढ्यासाठी दोनच्या चारही रंगांच्या बोल्या अडवून ठेवायच्या? म्हणजे वर्षातून एकदा येणाऱ्या पाहुण्यांसाठी घरातल्या चारही खोल्या कुलूप लावून ठेवण्यासारखं झालं. मग पुढच्या खेळाडूंनी हिशेब केला: पाहुण्यांना एकच खोली पुरे. सगळ्या भारी पानांसाठी फक्त ‘दोन किलवर’, बाकी तीन बोल्या दुसऱ्या कामाला. लंडनच्या हॅम्पस्टेड भागात ‘एकॉल रोड’ नावाचा रस्ता आहे. तिथल्या क्लबात १९३०च्या दशकात जी ‘एकॉल’ पद्धत तयार झाली तिच्यातही ‘दोन किलवर’ ही अशीच सर्वांत बलवान बोली.

सी. सी. वेई या चिनी वंशाच्या, जहाजांच्या धंद्यातल्या गृहस्थांनी तर आणखी पुढची मजल मारली. त्यांच्या ‘प्रिसिजन’ पद्धतीत सक्तीची बोली आली जिन्याच्या अगदी पहिल्या पायरीवर, ‘एक किलवर’. अट फक्त १६ गुणांची. तेवढे गुण साधारण दहा डावांत एकदा येतात, म्हणजे ही बोली सारखी उपयोगी पडते. भिडूकडे सातपर्यंतच गुण असतील तर त्याने ‘एक चौकट’ म्हणायचं. झाली ओळख, आणि पायऱ्या जवळजवळ सगळ्या शिल्लक! ही पद्धत घेऊन १९६९ साली तैवानचा संघ जागतिक स्पर्धेच्या थेट अंतिम फेरीत पोचला, तेव्हा सगळे चकित झाले. तिथे इटलीने त्यांना हरवलं खरं. पण पुढे इटलीच्या खेळाडूंनीही हीच पद्धत उचलली.

सगळ्याच सक्तीच्या बोल्या इतक्या भारदस्त नसतात बरं का. काहींची सक्ती एका फेरीपुरतीच असते. भिडूने ‘एक बदाम’ म्हटलं आणि तुम्ही ‘एक इस्पिक’ म्हणालात, तर त्याने निदान एकदा तरी बोलायलाच हवं. पण तुम्ही ‘दोन बदाम’ म्हणालात, तर तो खुशाल पास म्हणू शकतो. असं का? ‘दोन बदाम’मध्ये तुम्ही आपलं माप सांगून टाकलंत: रंग चालतो, गुण सहा ते नऊ-दहा. त्याला बेरीज करता येते. ‘एक इस्पिक’मध्ये माप सांगितलेलंच नाही. सहा गुण असतील, सोळाही असतील. समोरच्याने माप सांगितलं नसेल तर त्याला अर्ध्यावर तोडायचं नाही. ही एक गोष्ट ध्यानात ठेवलीत तर कुठली बोली सक्तीची, हे बऱ्याच वेळा तुमचं तुम्हालाच ओळखता येईल. पाठांतर नको.

त्या संध्याकाळी माझ्या मनात मात्र एक वेगळीच शंका होती. “आजोबा, माझ्याकडे चौकट होती नव्वी, सत्ती, चव्वी. आणि मी ‘दोन चौकट’ म्हणायचं? हे खोटं बोलणं नाही का?”

उत्तर वकीलकाकांनी दिलं. “त्याचा अर्थ आम्हा दोघांनाही माहीत आहे ना? चौघांना ठाऊक असलेली गोष्ट खोटी कशी? तुम्ही दोघांनीच आपापसात ठरवून ठेवलं असतं आणि आम्हाला सांगितलं नसतं, तर ती लबाडी.”

आणि नियम खरंच तसा आहे. आपल्या बोलीचा अर्थ समोरच्या जोडीने विचारला तर सांगावा लागतो. आवाज चढवून, मान हलवून, पत्ता आपटून भिडूला काही सुचवायचं नाही. मोठ्या स्पर्धांत तर तोंडाने बोलतच नाहीत. डबीतून बोलीचं कार्ड काढून ठेवतात, आणि टेबलावर तिरपा पडदा लावतात, म्हणजे भिडूचा चेहराच दिसत नाही. १९७५ साली बर्म्युडाच्या जागतिक स्पर्धेत असे पडदे पहिल्यांदा लावले. आणि काय झालं ठाऊक आहे? तिथे एका जोडीला टेबलाखाली पाय हलवल्याबद्दल ताकीद मिळाली! मग भिडूंचे पाय एकमेकांना लागू नयेत म्हणून टेबलाखाली आणखी एक छोटं टेबल ठेवलं गेलं. बघा, म्हणजे आमच्या मेंढीकोटाची कीर्ती कुठवर गेली होती!

आई-बाबांपैकी कुणी हे वाचत असेल आणि ‘पत्ते म्हणजे जुगार’ असं मनात येत असेल, तर एवढंच सांगते. स्पर्धेच्या ब्रिजमध्ये एकाच डावाची तीच पानं निरनिराळ्या टेबलांवर खेळवतात. माझ्या जागेवर बसलेल्या सगळ्यांना तोच चिखल मिळतो, आणि त्या चिखलाचं कोणी काय केलं याचीच तुलना होते. नशिबाला फारसा वाव उरत नाही. २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धांत ब्रिजचा प्रथमच समावेश झाला, तेव्हा पश्चिम बंगालच्या प्रणब बर्धन आणि शिवनाथ सरकार या जोडीने भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं. बर्धन तेव्हा ६० वर्षांचे होते आणि सरकार ५६ वर्षांचे! पुढे २०२३ मध्ये हांगझोऊला झालेल्या आशियाई स्पर्धांत भारतीय पुरुष संघाने रौप्यपदक मिळवलं.

आता तुमच्यासाठी एक कोडं. भिडू म्हणाला ‘दोन किलवर’. तुमच्याकडे बदामाचा राजा आणि गुलाम धरून पाच बदाम, शिवाय किलवरचा एक्का. गुण आठ. काय बोलाल? घाईघाईने ‘दोन चौकट’ म्हणालात तर भिडू समजेल की तुमची झोळी रिकामी आहे. इथे ‘दोन बदाम’ म्हणायला हरकत नाही, कारण सांगण्यासारखं काही आहे. आणि भिडूकडे बावीस-तेवीस गुण असणार, तुमचे आठ, म्हणजे स्लॅम अगदी हाकेच्या अंतरावर. घरी चौघं जमून ही पानं मांडून बघा.

त्या जुलैनंतर अड्ड्यात चौथा भिडू कमी पडला की मला बोलावणं येऊ लागलं. पहिले कित्येक दिवस आजोबांनी तोंड उघडलं की मी दचकायचे. ‘दोन किलवर’ काही पुन्हा येईना. शून्य गुणांची पानंही २७५ डावांत एकदाच येतात, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा वाटायचं, ती कायम माझ्याच नशिबी आहेत.

दिवाळीच्या सुट्टीत एका संध्याकाळी मी पानं उचलली आणि माझे हात थरथरायला लागले. पंचवीस गुण. बदामाची सहा पानं, एक्का-राजा-राणीसकट. मी पुन्हा मोजले. पंचवीसच. आवाज शक्य तितका साधा ठेवून म्हणाले, “दोन किलवर.”

डॉक्टर म्हणाले, “पास.”

आजोबांनी पानांत डोकं खुपसलं होतं. बराच वेळ काही बोलेनात. माझ्या पोटात गोळा आला. मग म्हणाले, “दोन चौकट.”

“दोन बदाम.”

“चार बदाम,” आजोबा म्हणाले, आणि पानं मिटून मांडीवर ठेवली.

मला स्लॅमचा फार मोह झाला होता. पंचवीस गुण पुन्हा कधी येणार? पण आजोबांनी उडी मारून सांगितलं होतं, इथेच थांब. मी जीव मुठीत धरून म्हणाले, “पास.”

आजोबांनी पानं मांडली. तीन बदाम, आणि बाकी सगळ्या दुर्र्या-तिर्र्या. एकही चित्र नाही. मी खेळले. दहा हात झाले. एक जास्त नाही, एक कमी नाही.

वहीत ४२० लिहून आजोबांनी आपली ती तेरा पानं गोळा केली आणि माझ्यासमोर सरकवली.

“घे,” ते म्हणाले, “तुझा चिखल तुला परत.”